बंद टॉकीजचे तीन सिनेमे

छोट्या गावातले सिनेमागृह बंद पडते, ऑपरेटर म्हातारा होतो, एक पोरगा गाव सोडून जातो. या एवढ्याशा गोष्टीवर जगभर चित्रपट निघाले आहेत आणि अजून निघत आहेत. त्यांपैकी तीन आम्ही या हिवाळ्यात पाहिले. पहिला इटलीचा ‘सिनेमा पॅराडिसो’ (१९८८), जो पुष्कळांनी पाहिला असेल. दुसरा गुजराती ‘छेल्लो शो’ (२०२१). तिसरा ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ (२०१६), हा आपल्या महाराष्ट्रातल्या जत्रांमधून फिरणाऱ्या तंबू-टॉकीजवरचा माहितीपट. तो आपल्यापैकी फार थोड्यांनी पाहिला असावा आणि खरे सांगायचे तर त्याच्यासाठीच हा लेख लिहायला घेतला आहे. परंतु ‘पॅराडिसो’ला बाजूला ठेवून त्याच्याविषयी बोलता येत नाही, कारण पुढच्या सगळ्यांनी वाट तिथूनच घेतली आहे.

आपल्या मासिकात सिनेमाची समीक्षा कशाला, असे कोणी विचारील. या तिन्ही चित्रपटांचा विषय वरवर पाहता टॉकीज आहे, पण आत पाहिले तर दोन सोडून जाण्याविषयी आहेत आणि एक मागे राहण्याविषयी. आपण सगळे सोडून आलेली माणसे. तेव्हा या बाबतीत आपले मत ऐकून घेण्यासारखे आहे, असे आम्हांला वाटते.

आधी टॉकीज म्हणजे काय ते नीट सांगतो, कारण नातवंडांना ते समजावताना आमची तारांबळ उडाली. ३५ मिलिमीटरची फिल्म सेकंदाला २४ चित्रे या वेगाने यंत्रातून जाई. हजार फुटांचे एक रीळ ११ मिनिटांत संपे. म्हणजे आपला अडीच तासांचा हिंदी चित्रपट १४ रिळांचा, आणि ही रिळे पत्र्याच्या डब्यांतून एस.टी.ने, रेल्वेने, बैलगाडीने येत. यंत्रात दोन कार्बनच्या कांड्या समोरासमोर धरून त्यांच्यामध्ये विजेचा झोत पेटवलेला असे. कांड्या जळून आखूड होत, म्हणून ऑपरेटरला सारखे त्या पुढे सारत राहावे लागे. त्याचे लक्ष चुकले की पडदा पिवळा पडे आणि पब्लिक शिट्ट्या मारी. जुनी फिल्म नायट्रेटची, म्हणजे जवळजवळ स्फोटकच. १९५० च्या सुमारास ती मागे पडून सुरक्षित फिल्म आली. ‘पॅराडिसो’मधली आग याच नायट्रेटची. दोन यंत्रे असलेल्या थिएटरात रीळ बदललेले कळत नसे, पण एकच यंत्र असेल तर दर रिळाला दिवे लागत आणि तेवढ्यात शेंगदाणेवाला फेरी मारून घेई. आमचे सगळे बालपण दर रिळाला दिवे लागण्यात गेले.

आम्ही कुलाबा जिल्ह्यातले. मार्गशीर्षात चौलला दत्ताची जत्रा भरते. भात कापून झालेले असे आणि मोकळ्या जमिनीवर तंबू उभा राही. जत्रेतली आमची अडचण वेगळी होती. शनिवारच्या खेळाला गावची सगळी पोरे जात आणि आम्ही मात्र तीन तारे दिसेपर्यंत अंगणात मान वर करून उभे. शब्बाथ सुटला की धावत सुटायचे, तोवर तंबूत दोन रिळे झालेली. पुढे इस्राएलमध्ये आलो तेव्हा नेगेवमधल्या आमच्या गावात पाहिले, तर शनिवारी रात्री शब्बाथ सुटल्याशिवाय थिएटरचे दारच उघडत नसे. सगळे गाव एकदम रांगेत. शब्बाथ पाळून पहिल्या रिळापासून चित्रपट पाहायला मिळतो, हे सुख आम्हांला एकविसाव्या वर्षी कळले.

आता ‘पॅराडिसो’. दिग्दर्शक जुझेप्पे तोर्नातोरे. सिसिलीतले जानकाल्दो नावाचे कल्पित गाव, तिथल्या चर्चच्या मालकीचे थिएटर, ऑपरेटर आल्फ्रेदो आणि बाप लढाईत गेलेला सात-आठ वर्षांचा तोतो. गावचा पाद्री प्रत्येक चित्रपट आधी एकटा बसून पाहतो आणि चुंबन आले की हातातली घंटी वाजवतो. आल्फ्रेदो रिळात त्या जागी कागदाची पट्टी खोचतो आणि मग तेवढा तुकडा कापून टाकतो. गावाला वर्षानुवर्षे एकही चुंबन दिसत नाही. एके रात्री आग लागते, आल्फ्रेदो आंधळा होतो, तोतो त्याला ओढत बाहेर काढतो. थिएटर नव्याने उभे राहते आणि तोतो पोरवयातच ऑपरेटर होतो. तो मोठा झाल्यावर आल्फ्रेदो त्याला बजावतो की गाव सोड, परत येऊ नकोस, पत्र लिहू नकोस, आमची आठवण काढू नकोस. तोतो तीस वर्षे परत येत नाही. तो येतो आल्फ्रेदो वारल्यावर, रोममधला नावाजलेला दिग्दर्शक होऊन, आणि थिएटर मोटारी उभ्या करायला जागा हवी म्हणून सुरुंग लावून पाडले जाते ते पाहतो.

या चित्रपटाची चांगली बाजू सगळ्यांनी सांगून झाली आहे. मोरिकोनेचे संगीत, शेवटी कापलेल्या चुंबनांचे जोडलेले रीळ, ऑस्कर. आम्ही शिक्षक, म्हणून आमची नजर दुसरीकडे जाते. या चित्रपटात वर्गाचे एक दृश्य आहे. पाच पाचे किती, हे एका मुलाला येत नाही आणि बाई त्याचे डोके फळ्यावर आपटतात. दुसरे दृश्य परीक्षेचे. आल्फ्रेदो प्रौढपणी प्राथमिकची परीक्षा द्यायला लहान मुलांच्या बाकावर बसतो आणि त्याला काही येत नाही. तोतो त्याला उत्तरे पुरवतो, बदल्यात यंत्र शिकवण्याचे वचन घेतो. सगळ्या चित्रपटातला हा आम्हांला सर्वांत खरा सौदा वाटला. कॉपीला आम्ही जन्मभर विरोध केला, इथे मात्र पर्यवेक्षकाने दुसरीकडे पाहिले तर बरे, असे मनातल्या मनात म्हणून गेलो. ज्याला अक्षर येत नाही त्याच्या हातात सगळ्या गावाचा उजेड आहे, हे एका बाकावर सांगून टाकले आहे. तोच आल्फ्रेदो तोतोला या धंद्याचे दुःखही सांगतो: उन्हाळ्यात भट्टी, हिवाळ्यात गारठा, सणावारी सुट्टी नाही, वर्षात सुटीचा दिवस एकच, गुड फ्रायडे. पुढच्या चित्रपटांनी केबिनमधला उजेड घेतला, हा पगाराचा हिशेब फारसा घेतला नाही.

आमचा आक्षेप आहे तो त्या उपदेशावर. परत येऊ नकोस, मागे पाहू नकोस. हा उपदेश चित्रपटाने शहाणपण म्हणून मांडला आहे आणि जगाने तो तसाच घेतला. अलियाला आलेल्या कोणालाही विचारा. आम्ही निघालो तेव्हा आम्हांलाही अशीच माणसे भेटली होती, इकडची आणि तिकडचीही. मराठी विसरा म्हणजे हिब्रू लवकर येईल, असे एका अधिकाऱ्याने आमच्या देखत आमच्या आईला सांगितले होते. आई मराठी विसरली नाही आणि हिब्रूही बाजारापुरती शिकली. विसरल्याने माणूस मोठा होतो असा जो या उपदेशातला हिशेब आहे, तो आम्हांला आमच्या आजूबाजूच्या एकाही घरात जुळलेला दिसला नाही. जे विसरले ते मोठे झालेच असे नाही, आणि जे मोठे झाले त्यांतले कितीतरी शुक्रवारी संध्याकाळी आजीच्या हातची पुरी खात होते.

आता गंमत पाहा. हा चित्रपट एक नाही, तीन आहेत. १९८८ साली इटलीत जो लागला तो १५५ मिनिटांचा होता आणि तो चालला नाही. मग कापून सुमारे १२४ मिनिटांचा केला. तो जगभर गाजला, आणि आपण पाहिला तो बहुतेक हाच. पुढे २००२ साली १७३ मिनिटांची मोठी आवृत्ती निघाली. मोठ्या आवृत्तीत तोतो, म्हणजे आता सफेद केसांचा साल्वातोरे, गावात परतल्यावर आपल्या तरुणपणच्या एलेनाला भेटतो. त्याला वाटत आले होते की त्या शेवटच्या संध्याकाळी ती आलीच नाही. ती आली होती. केबिनमध्ये आल्फ्रेदो होता. त्याने तिची समजूत घातली की पोराला जाऊ दे, आणि ती परतली. जाताना तिने केबिनमधल्या कागदांत पत्ता लिहून ठेवला होता, आणि तो तीस वर्षे तिथेच धूळ खात लोंबत होता. आल्फ्रेदोने तोतोला काही सांगितले नाही.

हे कळल्यावर सगळा चित्रपट वेगळा दिसतो. आल्फ्रेदो पाद्र्याच्या सांगण्यावरून चुंबने कापत होता, आणि इथे कोणी न सांगता त्याने एका खऱ्या माणसाच्या आयुष्यातला तुकडा कापला. शेवटचे चुंबनांचे रीळ मग नुसती भेट राहत नाही, ती परतफेडही होते. छोट्या आवृत्तीत म्हातारा संत आहे. मोठ्या आवृत्तीत तो मायाळू आहे, पण हुकूम गाजवणाराही आहे, जशी आपल्याकडची कर्ती माणसे असत. मोठी आवृत्ती लांबलेली आहे, मधली प्रेमकथा कंटाळवाणी आहे, आणि मोटारीतला प्रसंग आम्ही हात चोळत कसाबसा संपवला. तरीही आमचे मत तिच्याच बाजूने आहे. ती दुसऱ्याला परत येऊ नकोस सांगणाऱ्याकडून हिशेब मागते. आणि हो, त्या एलेनाने लग्न केले ते बोच्चाशी. हा बोच्चा म्हणजे पाच पाचे न येणारा तो मुलगा. तो पुढारी झाला आहे. हे दृश्य कापणाऱ्याला शिक्षकांविषयी काही वैर असावे.

मात्र दोन्ही आवृत्त्यांत एक जागा अशी आहे की तिथे आम्ही यंत्र थांबवून पुन्हा पाहिले. मुलगा तीस वर्षांनी येतो. म्हातारी आई वरच्या खोलीत विणत बसली आहे. खाली घंटी वाजते, ती उठून जाते, लोकरीचा धागा कपड्यात अडकतो आणि विणलेले उसवत जाते. कॅमेरा उसवणाऱ्या विणकामावरच राहतो. मायलेकांची भेट आपल्याला खिडकीतून दुरून दिसते. मागे राहिलेल्या माणसाचे दुःख या एकाच ठिकाणी चित्रपटाच्या हाती लागले आहे. बाकी सगळे दुःख गेलेल्याच्या मालकीचे.

‘छेल्लो शो’ हा पॅराडिसोचा सौराष्ट्रातला नातू. दिग्दर्शक पान नलिन. स्टेशनवर चहा विकणाऱ्याचा मुलगा समय, गॅलेक्सी टॉकीजचा ऑपरेटर फजल, आणि दोघांचा सौदा: आईने दिलेला डबा फजलने खायचा आणि समयने केबिनमधून सिनेमा पाहायचा. (पुन्हा सौदाच. टॉकीजच्या केबिनमध्ये फुकट कोणी शिरत नाही, हे दिग्दर्शकांना बरोबर ठाऊक आहे.) चित्रपट देखणा आहे. अती देखणा आहे. रंगीत काचांमधून पडणारा उजेड, आगगाडीच्या डब्यात शिरणारा उजेड, भरल्या वांग्यांवर पडणारा उजेड, असे उजेडाचे प्रदर्शन चालू राहते आणि आम्ही जेवणाच्या दृश्यांकडे वळलो, कारण ती जास्त खरी होती. मुले टाकाऊ सामानातून स्वतःचे यंत्र बनवतात ती हुशारीही पटण्यापलीकडची आहे.

पण शेवटची वीस मिनिटे या सगळ्याची भरपाई करतात. गावात संगणकाचे यंत्र येते. जुने यंत्र ट्रकमध्ये पडते आणि मुलगा त्याचा माग काढत जातो. कारखान्यात ते यंत्र वितळते आणि त्याचे चमचे होतात. दुसऱ्या कारखान्यात फिल्म वितळते आणि तिच्या बांगड्या होतात. कोणी रडत नाही, संगीत फार करत नाही, नुसते काम चाललेले दिसते: तोडा, वितळवा, ओता. कारखान्यातल्या मजुराला ती फिल्म आहे की प्लास्टिकची बादली, याच्याशी कर्तव्य नाही. मुलगा शेवटी गाडीत बसून गाव सोडतो आणि डब्यातल्या बायकांच्या हातांत रंगीत बांगड्या पाहतो. इथेही पोरगा गावाबाहेर जातो तेव्हाच त्याचे भले होणार, हे गृहीत. फजलचे पुढे काय, यावर चित्रपट फार थांबत नाही. त्याला जायला गाव नाही आणि शिकायला वय नाही.

या ठिकाणी आम्हांला व्ही. शांताराम आठवतात. पोरवयात हुबळीला ते एका छोट्या सिनेमागृहात दारावर उभे राहत आणि पडेल ते काम करत. तिथून कोल्हापूरला बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत गेले, आणि १९२९ साली कोल्हापुरातच भागीदारांसह ‘प्रभात’ काढली, जी पुढे पुण्याला आली. आपल्याकडचा तोतो हा असा. त्याला कोणी मागे पाहू नकोस म्हणून सांगितले नव्हते, आणि त्याच्या प्रभातचा ‘संत तुकाराम’ पुढे कितीतरी वर्षे तंबूंतून फिरत राहिला. आमच्या तंबूतही तो आला होता. बायका पडद्याला हात जोडत आणि आमची आजी, जिच्या मुखी दावीदाचे स्तोत्र, तीही डोळे पुसत असे.

आपल्या समाजाचा तर या पडद्याशी धागा अगदी पहिल्या बोलपटापासून आहे. ‘आलम आरा’ १९३१ साली आला तो जोसेफ डेव्हिड पेणकर यांच्या नाटकावरून. आणि ‘बूट पॉलिश’मधले जॉन चाचा, म्हणजे डेव्हिड अब्राहम चेऊलकर, यांना कोण विसरेल! आमच्या तंबूत ‘बूट पॉलिश’ लागला तेव्हा हा आपल्यातला आहे हे गावाला आम्हीच सांगत सुटलो होतो. पेण काय, चेऊल काय, गावे आडनावात टिकली. तोतोला मात्र गाव सोडताना सगळेच टाकून जायला सांगितले होते.

आता ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी कित्येक वर्षे फिरत्या टॉकीजच्या मागे फिरून हा केला. २०१६ साली कान महोत्सवात माहितीपटांच्या विभागात त्याचा खास गौरव झाला. यात कथा नाही. तीन माणसे आहेत: तंबू चालवणारे दोघे आणि यंत्रे दुरुस्त करणारा एक म्हातारा कारागीर. गंजलेली लॉरी, लॉरीतच बसवलेले यंत्र, काठ्या-दोरांवर उभा राहणारा तंबू, कर्ण्यावरून होणारा पुकारा, रिळांचे डबे वेळेवर आले नाहीत म्हणून जीव टांगणीला. पब्लिक जमले आहे आणि यंत्र सुरू होत नाही, ही भीती या चित्रपटात जशी दिसते तशी आम्ही दुसरीकडे कुठे पाहिली नाही. ‘पॅराडिसो’त थिएटर मरते ते टीव्ही आणि व्हिडिओने, म्हणजे बाहेरच्या शत्रूने. इथे ते मरते ते दुरुस्तीने. फिल्म येईनाशी झाली म्हणून मालक कर्ज काढून संगणकाचे यंत्र आणतो, आणि ते नवे यंत्र भर जत्रेत रुसते. जुने यंत्र बिघडले तर हातोडी, तेल आणि शिव्या यांवर चालत असे. हे मात्र नुसते दिवे लुकलुकवते. बाहेर लोक ओरडत आहेत आणि मालक मख्ख चेहऱ्याने पडद्यावरची इंग्रजी अक्षरे पाहतो आहे. नंतर जुने यंत्र भंगारात जाते, वजनावर.

आम्हांला सगळ्यांत भावला तो कारागीर. त्याने स्वतःच्या डोक्याने एक यंत्र बनवले आहे. त्याचे चक्र तेलात बुडून फिरते, म्हणून झिजत नाही. ते तो अशा अभिमानाने उघडून दाखवतो की वाटावे, बाळाच्या अंगावरचे पांघरूण काढतो आहे. पण ज्या धंद्यासाठी ते बनवले तोच उठला. या माणसाला गाव सोडायचे नाही, मोठे व्हायचे नाही, कोणाला उपदेश करायचा नाही. त्याला फक्त कोणीतरी बिघडलेले यंत्र आणावे एवढेच हवे आहे. तोतो आणि समय यांच्यापेक्षा आम्हांला हा जवळचा वाटतो. आमच्या ओळखीच्या कितीतरी माणसांची तऱ्हा अशीच झाली. मुंबईत गिरणीत, रेल्वेत, वर्कशॉपमध्ये हात तयार झालेली ही माणसे इथे आली, आणि त्या हाताला इथे गिऱ्हाईक नव्हते. त्यांच्यावर कोणी चित्रपट काढला नाही. अवी नेशरचा ‘सोफ हाओलाम स्मोला’ (२००४) आला तेव्हा आपण सगळे हौसेने पाहायला गेलो. नेगेवमधले गाव, भारतीय आणि मोरोक्कोची घरे, बाटल्यांचा कारखाना, क्रिकेट. क्रिकेट छान होते. पण शनिवारच्या सिनेमाशिवाय नेगेवचे गाव कसले?

कारण आमच्या त्या गावात दोन्ही भाषांच्या पलीकडची एकच जागा होती, ती म्हणजे कोलनोआ. शब्द किती नेमका आहे पाहा. कोल म्हणजे आवाज, आणि नोआ हलण्यावरून. मूकपटाला आधी रेइनोआ म्हणत, पाहण्यावरून. आपण मूकपट आणि बोलपट म्हणत होतो तेव्हा इकडे रेइनोआ आणि कोलनोआ चालले होते. तर त्या कोलनोआत ‘संगम’ लागला होता. चार तासांचा. खाली हिब्रू अक्षरे. आमच्या शेजारणी मोरोक्कोच्या, त्यांना ना हिंदी येई ना ती अक्षरे वाचता येत. त्यांची पोरे मोठ्याने वाचून सांगत, त्यावर पुढच्या रांगेतून ओरडा होई, गारिनीमची साले पायाखाली कुरकुरत, आणि कोणीतरी रिकामी बाटली उताराच्या जमिनीवरून सोडून देई, ती गडगडत पडद्यापर्यंत जाई. राजेंद्र कुमार मेला तेव्हा सगळ्या रांगा रडत होत्या. त्या रात्री पहिल्यांदा शेजारणीने आम्हांला घरी चहाला बोलावले. पुढे घरोघर टीव्ही आला, मग व्हिडिओ. आज त्या इमारतीत कपड्यांचे दुकान आहे. जमिनीचा उतार त्यांनी भरून काढला आहे.

‘ट्रॅव्हलर्स’मध्येही आम्हांला एक उणीव वाटते, आणि ती याच संदर्भात. पब्लिक त्यात दिसते, पण बोलत नाही. तंबूच्या फटीतून डोकावणारी मुले दिसतात, प्रकाशाने उजळलेले चेहरे दिसतात, आणि दिग्दर्शक त्यांच्या प्रेमात पडून तिथेच थांबतात. त्या बायका कुठून आल्या, तिकिटाचे पैसे कुठून काढले, घरी जाऊन त्या चित्रपटाविषयी काय बोलल्या? आमच्या तंबूत बायका दोरीच्या एका बाजूला आणि पुरुष दुसऱ्या बाजूला बसत. गर्दी झाली की पोरे पडद्याच्या मागे. मागून नावे उलटी दिसत, उजवीकडून डावीकडे. आमचे बाबा म्हणत, बरे झाले, हिब्रूची सवय होईल. हा सगळा कारभार तिकीट काढणाऱ्याचा आहे, आणि टॉकीजचा इतिहास म्हणून जो सांगितला जातो त्यात तो सापडत नाही. मालक, ऑपरेटर, यंत्र आणि एक हुशार पोरगा, एवढीच पात्रे. गंजाचेही कौतुक जरा जास्तच आहे. गंजलेली लॉरी आपल्याला सुंदर वाटते, कारण ती आपल्याला ढकलायची नसते.

तरीही तिघांत श्रेष्ठ तोच. त्यात परत येणारा नामवंत दिग्दर्शक नाही, त्यामुळे बंद पडलेली टॉकीज कोणाच्या यशाची पायरी होत नाही. ती ज्यांची होती त्यांचीच राहते.

ज्यांना तिन्ही पाहायचे असतील त्यांनी ‘ट्रॅव्हलर्स’ आधी पाहावा. तो ९६ मिनिटांचा आहे आणि त्यातले मराठी बोलणे ऐकायला कान सुखावतात. घरातल्या लहानांना सोबत बसवावे, पण मध्ये मध्ये भाषांतर करत राहू नये, ते विचारतील तेवढेच सांगावे. ‘छेल्लो शो’ जेवून झाल्यावर लावावा, नाहीतर भूक लागते. ‘पॅराडिसो’ दोन रात्रींत पाहावा. पहिल्या रात्री छोटी आवृत्ती, आणि दुसऱ्या रात्री मोठी, निदान साल्वातोरे परत येतो तिथून पुढे. दुसऱ्या रात्री आल्फ्रेदोविषयी तुमचे मत काय झाले ते आम्हांला मासिकाच्या पत्त्यावर जरूर कळवावे, मराठीत किंवा हिब्रूत. आमच्या घरी यावरून अजून दोन तट आहेत आणि आमची पत्नी दुसऱ्या तटात आहे.